घरातील वडीलधाऱ्यांचे दुखणे व त्यांचे ताट



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खत, पाणी, हुमणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे. प्लॉट पाहावयास गावोगाव फिरताना ओट्यावर, पडवीत किंवा गोठ्याच्या कडेला एखादे आजी-आजोबा गुडघ्याला हात लावून बसलेले दिसतात. "काय बाबा, कसं काय?" म्हणून विचारले की उत्तर ठरलेले, "वय झालं, चालायचंच." ओतूर-आळेफाट्यापासून मंचर-घोडेगावापर्यंत हे उत्तर एकच. या उत्तरावर समाधान मानून आपण पुढे जातो. आम्हीही जात होतो. त्याची काय किंमत पडली ते आधी सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

आमच्या घरची गोष्ट

आमच्या आजीचे वय ८६. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडलेली, सुकडी खाऊन दिवस काढलेली बाई. पुढे कालव्याचे पाणी आले, ऊस आला, घर उभे राहिले. पण गुडघे गेले ते गेलेच. गेल्या गळीत हंगामात आम्ही पहाटे घर सोडत असू आणि रात्री परतत असू. आजीने चार-सहा दिवसांनी म्हणावे, "बाळा, त्या गुडघ्याच्या गोळ्या संपल्या रं." आणि आम्ही येता येता दुकानातून एक पाकीट आणून द्यावे. चिठ्ठी नाही, विचारपूस नाही. आजी ती गोळी सकाळी कोऱ्या चहाबरोबर घेई. दुखणे जास्त असले की संध्याकाळी आणखी एक.

जानेवारीत एके दिवशी आजी न्हाणीघराच्या दारातच कोसळली. दवाखान्यात नेल्यावर कळले की जठरात व्रण होऊन आतल्या आत रक्त जात होते. शौचास आठ दिवसांपासून डांबरासारखे काळे होत होते. पण आजीने कोणाला सांगितले नव्हते. पुढे विचारले तेव्हा म्हणाली, "तुमचा सीझन चाललाय, त्यात माझं कुठं सांगत बसू?" दोन पिशव्या रक्त चढवावे लागले.

डॉक्टरांनी आम्हाला दोनच प्रश्न विचारले. "गोळी कोण आणून देतं?" आणि "आजी दिवसभरात खातात काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना मान खाली गेली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देताच आले नाही. आमच्या गटात कोणत्या प्लॉटला कोणत्या पंधरवड्यात किती पोती खत पडले हे आम्ही वही न उघडता सांगतो. पण घरात एका भिंतीपलीकडे बसणाऱ्या आजीच्या पोटात काय पडते हे आम्हास ठाऊक नव्हते. हा लेख लिहावयास घेतला तो या लाजेपोटी.

आजी आता बरी आहे. गुडघे पूर्वीसारखे झाले नाहीत आणि होणारही नाहीत. पण ती गोठ्यापर्यंत जाऊन येते. डॉक्टरांकडून आणि व्यायाम शिकविणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून जे समजून घेतले, तेच येथे आपल्या भाषेत मांडतो. हे डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय म्हणून नव्हे, तर डॉक्टरांना काय विचारावे आणि घरी काय करावे हे कळावे म्हणून.

दुखणे कशाने होते?

म्हातारपणातील बहुतेक गुडघेदुखी ही सांध्याच्या झिजेची असते. दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. ती वयाने, वजनाने, वर्षानुवर्षे उकिडवे बसून केलेल्या खुरपणी-लावणीने आणि डोक्यावरच्या ओझ्याने झिजते. सांधा सुजतो, सकाळी उठल्यावर आखडतो, थोडे चालले की मोकळा होतो, जास्त चालले की दुखतो.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गुडघ्याचा भार एकटे हाड पेलत नाही. तो मांडीचा स्नायू पेलतो. दुखते म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिला की मांडीचा स्नायू वाळतो. स्नायू वाळला की सगळा भार झिजलेल्या सांध्यावर येतो आणि दुखणे वाढते. पाणी न दिलेल्या उसाचे वाढे वाळते तसे हे आहे. कूर्चा परत आणता येत नाही, स्नायू मात्र ८० वर्षांनंतरही सुधारता येतो. त्याला दोन गोष्टी लागतात, हालचाल आणि अन्न.

सगळेच दुखणे झिजेचे नसते, हेही खरे. ड जीवनसत्त्व कमी पडले की अंगभर हाडे ठणकतात. ब-१२ कमी पडले, किंवा साखरेचा आजार जुना असला, की तळपायाला मुंग्या येतात, आग होते. ठिसूळ झालेला मणका साध्या शिंकेनेही दबतो. माती परीक्षण न करता खत टाकू नका, असे आम्ही आपणास सांगत आलो आहोत. तोच नियम येथे लावावा. आधी तपासणी, मग औषध.

गोळीचा हिशेब

दुखणे कमी करणाऱ्या गोळ्या दोन जातींच्या असतात, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे.

पहिली जात पॅरासिटामॉल. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत ती म्हाताऱ्यांना बरीच सोसते. मात्रा ओलांडली तर यकृताला धोका. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही तीच असते; त्यामुळे दोन वेगळ्या नावांखाली दुप्पट मात्रा पोटात जाऊ शकते. दारू घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

दुसरी जात सूज उतरविणाऱ्या वेदनाशामकांची. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही त्यातली नावे. गुण लवकर दिसतो म्हणून हीच जात जास्त खपते. थोडे दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांच्या नजरेखाली घेतली तर तिचा उपयोग आहे. पण महिनोन्महिने घेतली तर ती जठराचे अस्तर खाते, मूत्रपिंडावर ताण आणते आणि रक्तदाब वाढविते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. आमच्या आजीच्या बाबतीत हेच घडले.

डायक्लोफेनॅकची एक गोष्ट शेतकऱ्याला सहज पटेल. पूर्वी जनावर मेले की घटकाभरात आभाळातून गिधाडे उतरत. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. देशातील त्यांच्या काही जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. लंगड्या बैलाला, आजारी गाईला हेच औषध टोचले जात होते. असे जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. याचा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला आणि २००६ साली आपल्या देशात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. गिधाडाला ते फारच बाधते, माणसाला तितके नाही, हे खरे. पण ज्या औषधाने आभाळातली गिधाडे नाहीशी केली, ते औषध ८६ वर्षांच्या मूत्रपिंडाला रोज द्यावयाचे की नाही, याचा विचार आपणच करावा.

तिसरी गोष्ट जत्रेत, आठवडे बाजारात मिळणाऱ्या पुडीची. "झाडपाल्याचं आहे, बाधत नाही" म्हणून विकतात. नाव नसलेल्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. म्हणून तर ती घेतल्याबरोबर आजोबा उड्या मारू लागतात! पुढे तोंड सुजते, साखर वाढते, हाडे पोकळ होतात. पुडी बरेच महिने चालू असेल तर ती एकदम बंद करणेही धोक्याचे असते. रागावू नका, पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि त्यांना दाखवा.

आमच्या घरी आता असा नियम आहे. सर्व गोळ्या एका डब्यात. डब्याला एक वही. कोणती गोळी, कोणी दिली, किती दिवस, हे लिहावयाचे. डॉक्टरांकडे जाताना डबा आणि वही दोन्ही बरोबर.

दुखण्याची आणेवारी

डॉक्टर विचारतात, "किती दुखतं?" म्हातारी माणसे म्हणतात, "लई." यातून काही कळत नाही. आमच्या आजीला हिशेब आण्यांचा कळतो. म्हणून आम्ही पिकाच्या आणेवारीसारखी दुखण्याची आणेवारी चालू केली. सोळा आणे म्हणजे सोसवत नाही, शून्य म्हणजे दुखणेच नाही. रोज संध्याकाळी नातवंडे विचारतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा टाकतात. आरंभी बारा-तेरा आणे असत. हल्ली सहा-सात असतात. कॅलेंडर पाहून आम्हास हेही कळले की उपवासाच्या दुसऱ्या दिवशी आणि दिवसभर बसून राहिल्यावर आकडा वर जातो. अशी नोंद हाती असली की डॉक्टरांनाही औषध ठरविणे सोपे जाते.

गुडघा आणि ताट एकाच दाव्याला

आता मुख्य मुद्दा. आजीचे खाणे कमी का झाले, याचा आम्ही शोध घेतला तेव्हा उत्तर स्वयंपाकघरात नव्हे, संडासात सापडले.

आपल्याकडे संडास बहुधा खाली बसण्याचा. गुडघे दुखत असल्याने आजीला तेथे बसणे आणि विशेषतः उठणे म्हणजे दिव्य. म्हणून तिने दुपारी चारनंतर पाणी पिणे सोडले. पाणी कमी, म्हणून बद्धकोष्ठ. पोट साफ नाही, म्हणून भूक नाही. भूक नाही, म्हणून चहा-बटरवर भागवायचे. अन्न नाही, म्हणून स्नायू वाळले. स्नायू वाळले, म्हणून गुडघा जास्त दुखला. त्यावर रिकाम्या पोटी गोळी. आणि कमी पाण्यावर घेतलेली ती गोळी मूत्रपिंडाला दुप्पट जाचक. दुखणे आणि खाणे ही एकाच दाव्याला बांधलेली दोन जनावरे आहेत. एकाला सोडवून चालत नाही.

आम्ही पहिला खर्च केला तो औषधावर नव्हे. संडासावर ठेवण्याची भोक असलेली कमोडची खुर्ची आणली, भिंतीत धरावयास लोखंडी पाइप बसविला आणि रात्रभर जळणारा लहान दिवा लावला. पंधरा दिवसांत आजी आपणहून पाणी मागू लागली.

ताटात काय हवे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत २०२० साली ठरलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हातारपणी स्नायू टिकविण्यासाठी ती थोडी जास्त, म्हणजे किलोमागे १ ते १.२ ग्रॅम असावीत, असे तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावयाचे. आजीचे वजन ४८ किलो. म्हणजे रोज ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने हवीत.

आधीच्या खाण्याचा आम्ही हिशेब मांडला. सकाळी चहा-बटर, दुपारी पातळ आमटीत बुडविलेली चतकोर भाकरी, रात्री मऊ भात आणि घोटभर दूध. हिशेब वीस ग्रॅमच्याही आत आला! एकट्या युरियावर ऊस पोसत नाही, हे आपण जाणतो. आणि घरच्या म्हाताऱ्या माणसाला चहावर पोसतो.

सध्याचा हिशेब असा. म्हशीचे दूध दिवसात दोन कप, सुमारे १४ ग्रॅम. तुरीचे किंवा मुगाचे घट्ट वरण दोन वाट्या, १३ ग्रॅम. बाजरीच्या दोन लहान भाकरी, १० ते ११ ग्रॅम. शेंगदाण्याचे कूट मूठभर, ५ ग्रॅम. दही एक वाटी, ४ ग्रॅम. हुलगा किंवा मटकी भिजवून, शिजवून, घोटून एक लहान वाटी, ६ ग्रॅम. बेरीज पन्नासच्या वर जाते. आजी माळकरी असल्याने अंडे चालत नाही. ज्यांना चालते त्यांनी एक उकडलेले अंडे खावे. त्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात. यातली एकही वस्तू पुण्याहून आणावी लागत नाही.

हाडांना चुना, म्हणजे कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. तांदळात त्याच्या विसाव्या हिश्शाइतकेही नसते. आपल्या तालुक्यांच्या पश्चिमेला, भीमाशंकर ते नाणेघाट या डोंगरपट्ट्यात नाचणी आणि वरई पिकते. आपण बागायतदार झालो आणि ही धान्ये "गरिबाची" म्हणून ताटातून काढली. ती परत आणावीत. सकाळी बटरऐवजी ताकातली नाचणीची आंबील द्यावी. शेवग्याचा पाला, तीळ यांतही कॅल्शियम भरपूर असते.

दात नाहीत हे वरण न देण्याचे कारण होऊ शकत नाही. भाकरी दुधात कुस्करावी, डाळ घोटावी, हुलग्याचे माडगे करावे, भाजी बारीक चिरून मऊ शिजवावी. एकदम पोटभर जात नसेल तर दिवसातून पाच वेळा थोडे थोडे द्यावे. पाण्याचा एक तांब्या वेगळा ठेवावा, म्हणजे दिवसात किती तांबे गेले ते मोजता येते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यास पाणी किती द्यावे हे मात्र विचारून घ्यावे.

ड जीवनसत्त्वासाठी ऊन हवे. दिवसभर आत बसणाऱ्यास ते मिळत नाही. डॉक्टर कधी कधी ६०,००० युनिटांची पुडी देतात. ती बहुधा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यावयाची असते. गुण आला म्हणून रोज घेतली तर विषासारखी बाधते. शाकाहारी माणसात ब-१२ कमी असण्याचा संभव असतो, त्याचीही एकदा तपासणी करून घ्यावी.

उपवास आणि साखर

उपवासाच्या बाबतीत आम्ही आजीशी वाद घातला नाही. ज्या माणसाने सत्तर वर्षे एकादशी पाळली त्याला ती मोडावयास सांगणे बरे नव्हे. आम्ही एवढेच म्हणालो, "आजी, एकादशी धर, पण साबुदाण्यावर नको." साबुदाण्यात पिठाखेरीज फारसे काही नाही. त्याजागी वरईचा भात, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दूध, दही, केळे. आजीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "देवाला चालत आसंल तर मला चालंल." देवाला चालले. मात्र साखरेच्या आजाराची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहू नये. साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो. रक्तदाबाची गोळी उपवास म्हणून सोडू नये.

आता साखर कारखान्याच्या पानावर साखरेबद्दल काय लिहावे? खरे तेच लिहिले पाहिजे. सभासदांना कारखान्याकडून सवलतीची साखर मिळते ती घराला मिळते, एकट्या आजोबांना नव्हे. दिवसात सहा कप गोड चहा झाला की भूक मरते, वजन वाढते आणि एक किलो वाढलेले वजन चालताना गुडघ्यावर कित्येक पटींनी पडते. साखरेचा आजार असलेल्यांनी "गूळ चालतो" या भ्रमात राहू नये. रक्तात गेल्यावर दोन्ही एकच.

हालचाल : थोडी, पण रोज

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे बिबट्या. उसाच्या कडेने पहाटे किंवा दिवेलागणीला फिरा, असे म्हाताऱ्या माणसाला आम्ही कधीच सांगणार नाही. ऊन वर आल्यावर, अंगणातच, घरातले कोणी जवळ असताना चालावे. दहा मिनिटे सकाळी, दहा मिनिटे दुपारनंतर. दुखणे रात्रीपर्यंत वाढलेलेच राहिले तर दुसऱ्या दिवशी निम्मे करावे, बंद करू नये.

मांडीच्या स्नायूसाठी सोपा व्यायाम असा. खुर्चीवर ताठ बसावे, एक पाय समोर सरळ करून पाच आकडे मोजावे, मग सावकाश खाली घ्यावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा. दुसरा, खाटेवर पडून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि गुडघ्याने ती दाबावी. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. आमच्या आजीला हे व्यायाम हसू आणणारे वाटत. आता नातवंडे मोजतात आणि ती करते.

काठीबद्दल बहुतेकांची चूक होते. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला नव्हे, विरुद्ध हातात धरावयाची. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर काठीची मूठ मनगटाशी यावी. टोकाला रबराचे बूट हवे.

खाली बसणे, मांडी घालणे, उकिडवे बसणे कमी करावे. डाळ निवडणे, शेंगा फोडणे ही कामे बंद करू नका. कामाविना म्हातारे माणूस खचते. तीच कामे खुर्ची-टेबलावर द्या. खाट बुटकी असेल तर पायांखाली विटा पक्क्या बसवून उंच करावी. शेक द्यावा, पण साखरेच्या रोग्याच्या पायाला गरम कळत नाही. त्यामुळे पिशवी आधी आपल्या हाताला लावून पाहावी.

केव्हा वाट पाहू नये?

शौचास डांबरासारखे काळे होणे किंवा उलटीत रक्त पडणे. लोहाच्या गोळ्यांनीही शौचास काळे होते, पण ते आपण घरी ठरवू नये. सांधा लाल, गरम होऊन ताप येणे. पडल्यानंतर पाय टेकता न येणे, किंवा पाठीत एकदम कळ येणे. पायातली ताकद जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे. लघवी कमी होऊन पाय सुजणे. वजन कारणाविना उतरणे. छातीतली, जबड्यातली किंवा डाव्या हातातली कळ "गॅस" म्हणून चोळत बसणे. यांपैकी काहीही दिसले तर तोडणीची टोळी फडात उभी असली तरी ती सोडून आधी माणसाला न्यावे. ऊस एक दिवस थांबतो.

सोयींची माहिती

७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे भाडे अशी सवलत देण्यात आली. दवाखान्याच्या फेऱ्यांना ती उपयोगी पडते. २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. ६५ वर्षे पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना काठी, कमोडची खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये, असे तिचे स्वरूप आहे. अर्ज घेणे चालू आहे का, याची समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. ७० वर्षांवरील सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झाले. योजनेतील रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्ड आजारी पडण्याआधी काढून ठेवावे.

शेवटी एक विनंती

हे सर्व वाचून कोणी वही घरातल्या सुनेच्या हातात देईल आणि मोकळा होईल. तसे करू नये. धारा काढणे, स्वयंपाक, मुलांची शाळा, मजुरांचा चहा हे सगळे तिच्याच अंगावर आहे. आमच्या घरी गोळ्यांचा डबा आम्ही सांभाळतो, आणेवारी नातवंडे घेतात, पाण्याचा तांब्या वडील भरतात. ताटाकडे आमची आई आणि घरच्या मंडळी पाहतात. वाटून घेतले की कोणालाच जड जात नाही.

खोडव्याकडे दुर्लक्ष होते, ही आमची आपल्याविषयीची जुनी तक्रार. लागणीला सगळे कौतुक आणि खोडवा म्हणजे आपोआप येणारे पीक, अशी समजूत. त्यालाही वेळेवर पाणी, खत दिले, बुडखे नीट छाटले, तर तो चांगले उत्पन्न देतो, हे आपण अनुभवले आहे. घरातल्या जुन्या खोडाकडेही तसेच पाहावे. दुखणे सोळा आणे जाणार नाही. पण बारावरून सहावर आले तरी म्हातारे माणूस उंबरठा ओलांडून अंगणात येते.

आज घरी गेल्यावर एवढेच करावे. आजी-आजोबांजवळ बसावे आणि विचारावे, "आज काय खाल्लं? कोणती गोळी घेतली? पाणी किती प्यालात?" उत्तर देता आले नाही तर त्यांचा दोष नाही. विचारणारे आपणच उशिरा आलो.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग